ओवलेले आणि विणलेले

मणी दोऱ्यात धरून ठेवण्याच्या दोन रीती आहेत. एक ओवण्याची. दोरा एका बाजूने शिरतो, दुसरीकडून निघतो, आणि मणी त्याच्यावर एकामागे एक बसत जातात. काळी पोत, तुळशीची माळ, रुद्राक्षांची माळ, वऱ्हाडातली एकदाणी हे सारे ओवकाम. दुसरी रीत विणण्याची. तिच्यात सुई पुढे जाते, वळते, आधी बसलेल्या मण्यातून पुन्हा निघते, आणि मणी एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. रुखवतातला मोत्यांचा नारळ, पाटाभोवतीची महिरप, दारावरचे तोरण आणि हल्ली मुली घरी करतात ती कानातली, मनगटपट्ट्या, गळ्यालगतचे हार हे विणकाम. मणी तोच, दोरा तोच. पण दोरा तुटला की ओवलेली माळ अंगणभर सांडते आणि विणलेल्या पट्टीचा एखादा कोपराच सैल पडतो.

हा फरक कारागिरीच्या वर्गात शिकवला जातो, तत्त्वज्ञानाच्या सहसा नाही. तो तिथेही शिकवायला हवा. जग आणि जगाला धरून ठेवणारे तत्त्व यांचे नाते सांगताना भारतीय परंपरेने मणी आणि सूत यांची उपमा फार जुन्या काळापासून वापरली आहे. तिचा अर्थ काय लागतो, हे डोळ्यांपुढे ओवलेली माळ आहे की विणलेली पट्टी, यावर बरेच अवलंबून असते. आणि वऱ्हाड ही अशी भूमी आहे की जिथे या एकाच प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे शेजारशेजारच्या तालुक्यांत दिली गेली.

आधी काम पाहू. विणकामासाठी काचेचे बारीक मणी लागतात. त्यांच्या आकड्यांचा हिशेब उलटा आहे: आकडा वाढला की मणी लहान. ८ नंबरचा मणी साधारण ३ मिलिमीटरचा, ११ नंबरचा २ मिलिमीटरच्या आसपास, १५ नंबरचा त्याहून बारीक. शिकणाऱ्याने ८ नंबरापासून सुरुवात करावी; ११ नंबरच्या मण्याचे भोक पहिल्या दिवशी दिसतच नाही. सुई १० किंवा १२ नंबरची, लांब आणि लवचीक, नेढे इतके अरुंद की दोरा चिमटीत चपटा करूनच घालावा लागतो. जपानी नळीदार मणी मापाला एकसारखे असतात, म्हणून त्यांची पट्टी सरळ येते. सुटे, स्वस्त मणी घेतले तर जाड आणि चपटे वेगळे काढण्यातच अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास वाचवला की पट्टी वाकडी होते.

दोऱ्याची गोष्ट वऱ्हाडाच्या दृष्टीने जरा गमतीची आहे. अमरावती आणि अकोला हा कापसाचा मुलूख. पांढरे सोने म्हणायचे ते इथल्या कापसालाच. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ निघाले आणि त्याने कापसाचे नवे वाण दिले. पण मण्यांच्या कामात इथेही आता नायलॉनचाच दोरा चालतो. सुती दोरा घामाने कुजतो, आणि काचेच्या मण्याची धारदार कड त्याला आतल्या आत कापत राहते. पूर्वी दोऱ्याला मेण चोळत. हळदीत रंगवलेला सुती दोरा लग्नविधीपुरता मान धरून आहे. रोजच्या वापराची पोत पटव्याकडे, म्हणजे मणी गाठवणाऱ्या कारागिराकडे, नायलॉनमध्येच गाठवून घेतली जाते. म्हणजे ज्या सुताच्या जोरावर उपमा उभी राहिली ते सूतच बदलले. उपमेला त्याने काही झाले नाही.

शिकायला सर्वांत सोपी आणि सर्वांत आधी घाबरवणारी वीण म्हणजे पेयोट. मराठीत तिला रुळलेले नाव नाही. शिकवणाऱ्या बायकाही पेयोटच म्हणतात. हे नाव धर्मातूनच आले आहे. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींच्या ज्या विधीत पेयोट नावाच्या निवडुंगाचा प्रसाद घेतात, त्या विधीतल्या वस्तू या विणीने मढवल्या जात. वीण त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सापडते, पण नाव त्या विधीचे चिकटले. सौराष्ट्रातले मोतीभरत वेगळ्या, जाळीदार रीतीने जाते. त्यात दोन-तीन मण्यांचे गट एकमेकांत अडकवतात. वऱ्हाडाच्या दक्षिणेकडच्या तांड्यांवर बंजारा बायका मणी, कवड्या आणि आरसे कापडावरच टाचतात. तिथे कापड हाच आधार असल्यामुळे प्रश्न पुन्हा वेगळा होतो.

पेयोटची कृती अशी. दोऱ्याच्या टोकाशी एक अडता मणी बांधायचा, म्हणजे बाकीचे घसरत नाहीत. मग १२ मणी ओवायचे. इथपर्यंत ही माळच आहे. आता तेरावा मणी सुईत घ्यायचा, बारावा सोडायचा आणि अकराव्यातून उलटे निघायचे. चौदावा घ्यायचा, दहावा सोडायचा, नवव्यातून निघायचे. असे सहा मणी घातले की सुई पहिल्या मण्यातून बाहेर येते. आता दिसते ते असे: पहिल्या १२ मण्यांच्या एका रांगेचे न विचारता दोन थर झाले आहेत, एक मणी खाली, एक वर, आणि नवे सहा मणी दातांसारखे बाहेर आले आहेत. पुढच्या फेरीत वळायचे, एक मणी घ्यायचा आणि वर आलेल्या दातातून सुई काढायची. पुढे सगळे एवढेच: खाचेत मणी, दातातून सुई.

पहिल्या तीन फेऱ्या बहुतेक जणी रडकुंडीला येतात. पट्टी पिळते, मणी उलटतात, वरचा कोणता नि खालचा कोणता ते कळत नाही. दोष शिकणारीचा नसतो. तीन फेऱ्या होईपर्यंत त्या मण्यांना एकमेकांचा आधारच मिळालेला नसतो. चौथ्या फेरीला पट्टी अचानक सपाट होते. तोवर प्रत्येक मण्यातून दोरा दोनदा गेलेला असतो, एकदा मणी बसवताना आणि एकदा त्याच्या शेजाऱ्याला धरताना. या दुसऱ्या जाण्यातच सगळे बळ आहे.

चार मण्यांच्या चौकोनी विणीत हे आणखी स्पष्ट दिसते. चार मण्यांचे एक कडे करायचे. त्यातला एक मणी पुढच्या कड्याचा पहिला मणी होतो. एक कडे उजवीकडून फिरते, पुढचे डावीकडून. नवखी बाई दोन्ही एकाच दिशेने फिरवते आणि मग दोन कड्यांच्या मधल्या फटीतून दोरा तिरपा उघडा दिसतो. काम नीट झाले असेल तर दोरा कुठेच दिसत नाही. आणि चुकून जास्तीचा मणी बसला, तर जाणत्या बाया सगळे उसवत नाहीत. तो एकच मणी पकडीने फोडून काढतात. मणी गेला तरी दोरा राहतो. उलटे करून पाहावे, दोरा काढून मणी जागच्या जागी ठेवावेत, तर ते होत नाही.

गीतेच्या सातव्या अध्यायातला सातवा श्लोक नेमका इथे बोट ठेवतो. हे सगळे माझ्यात ओवलेले आहे, सुतात मण्यांचे समूह असतात तसे, असे श्रीकृष्ण सांगतो. उपमा ओवलेल्या माळेची आहे यात शंका नाही. सूत आत आहे, दिसत नाही, आणि प्रत्येक मणी त्याच्यावर टेकलेला आहे. पण उपमा जितकी सोपी तितकीच अडचणीची. सूत कापसाचे आणि मणी काचेचा असेल तर ईश्वर आणि जग ही दोन वेगळी द्रव्ये झाली. शिवाय माळेतले मणी एकमेकांचे काही लागत नाहीत. शेजारचा मणी बदलला तरी त्यांना फरक पडत नाही.

भाष्यकारांना ही अडचण दिसली होती, असे त्यांनी केलेल्या दुरुस्त्यांवरून म्हणता येते. शंकराचार्यांनी या श्लोकावर लिहिताना मण्यांच्या जोडीला आणखी एक दाखला घातला: लांब धाग्यांत वस्त्र असते तसे. मूळ श्लोकात वस्त्र नाही. वस्त्र आणल्याबरोबर चित्र पालटते, कारण कापडातून धागे काढले तर मागे कापड नावाची वस्तू उरतच नाही. ज्ञानेश्वरांनी दुरुस्ती केली ती वेगळ्या दिशेने. १२९० च्या ज्ञानेश्वरीत त्यांनी मणीही सोन्याचे केले आणि सूतही सोन्याचे. आता माळ वितळवली तर एकच सोने उरते. सोनाराच्या डोळ्याने केलेली ही दुरुस्ती अद्वैताला चपखल बसते, म्हणूनच ती मराठी कीर्तनात आजवर टिकली. मात्र पटव्याच्या डोळ्याने पाहिले तर तिची किंमतही दिसते. सोन्याच्या मण्याला सोन्याच्या सुताची ओढ कशी वाटावी? दोघे एकच असतील तर ओवण्याची क्रिया नावापुरती राहते.

विणण्याचा आणि ओवण्याचा घोळ मुळात शब्दातच आहे. बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायात गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक विचारत जाते, की पाणी कशात विणलेले आहे, ते ज्यात आहे ते पुन्हा कशात आहे. तिथला शब्द म्हणजे ओत आणि प्रोत. शंकराचार्य ओत म्हणजे उभा धागा आणि प्रोत म्हणजे आडवा असे सांगतात आणि लगेच, किंवा उलट, असेही म्हणून ठेवतात. हाच प्रोत शब्द गीतेत मण्यांसाठी येतो, म्हणजे तिथे तो ओवलेला या अर्थी आहे. मराठीत या जोडशब्दाचे आणखी एक स्थित्यंतर झाले. ओतप्रोत म्हटले की आपल्याला ओतणे आठवते आणि काठोकाठ भरलेली घागर डोळ्यांपुढे येते. धाग्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. त्याच उपनिषदात, गार्गीच्या दोन प्रसंगांच्या मध्ये, उद्दालक आरुणी हे सूत कोणते असे विचारतो आणि याज्ञवल्क्य वायू असे उत्तर देतो. माणूस मेला की त्याचे अवयव निखळले असे म्हणतात, कारण ते या वायुसूत्राने बांधलेले असतात, हे त्याने दिलेले कारण. सांडलेल्या माळेचे चित्र याहून आधीचे क्वचितच मिळेल.

आता वऱ्हाड. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तिथले, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले तेही तिथेच. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांची वचने केशिराजबासांनी एकत्र केली त्या ग्रंथाचे नाव सूत्रपाठ. सूत्र म्हणजे सूतच. थोड्या शब्दांत पुष्कळ अर्थ ओवून धरणारे वाक्य. पण या सूत्रांनी सांगितलेले तत्त्वज्ञान सोन्याच्या माळेचे नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आहेत आणि कायम वेगळे आहेत. जीव परमेश्वरात विरघळत नाही. परमेश्वराच्या कृपेने त्याची सुटका होते, पण तो जीवच राहतो. श्रीकृष्ण हा पंचकृष्णांतला, म्हणजे पंथाने मानलेल्या पाच अवतारांतला एक, म्हणून गीतेचा मान या पंथात मोठा आहे. या सिद्धांताच्या अंगाने पाहिले तर मणी काचेचाच राहतो, सूत सुताचेच, आणि दोहोंना एक म्हणणे हा गोंधळ ठरतो.

महानुभावांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. मण्यांच्या कोणत्याही उपमेत सुई धरणारा हात चित्राच्या बाहेर बसलेला असतो. अद्वैती वाचक त्याला सोयीस्कर विसरतात. चार पदार्थ मानणाऱ्याला तो विसरता येत नाही, कारण त्याच्या लेखी सगळे त्या हाताच्या इच्छेवरच आहे.

रिद्धपुराला लागूनच चांदूर बाजार तालुका. तिथल्या माधानचे गुलाबराव महाराज ज्ञानेश्वरांची सोन्याची माळ स्वीकारतात आणि तिच्यातली अडचण स्वतःच्या गळ्यात घेतात. हे शब्दशः खरे आहे. ६ जुलै १८८१ ला लोणी टाकळी या आजोळी त्यांचा जन्म झाला. तान्हेपणीच दृष्टी गेली. मोहोडांच्या शेतकरी घरात वाढलेल्या या अंध मुलाने दुसऱ्यांकडून वाचून घेऊन शास्त्रे आत्मसात केली आणि ग्रंथांचा डोंगर रचला. स्वतःला ते ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत. १९०५ मध्ये त्यांनी कात्यायनी व्रत केले, आणि कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र असा वेश धरला. १९१५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, वय अवघे ३४.

त्यांच्या विचाराला नाव मधुराद्वैत. नावातच विरोध आहे. अद्वैत म्हणजे दोन नाहीत. मधुरभक्ती म्हणजे दोघांचे प्रेम. एक असल्याचे ज्ञान झाल्यावरही प्रेमाचे नाते संपत नाही आणि संपू द्यायचे नाही, अशी ही भूमिका. मंगळसूत्र हे त्या नात्याचे चिन्ह, आणि ते बांधणारा माणूस अद्वैती. शेजारच्या रिद्धपूरच्या दृष्टीने ही कसरत आहे. कोरड्या वेदान्त्याच्या दृष्टीनेही कसरतच.

पण विणलेल्या पट्टीपुढे ती कसरत वाटत नाही. ही तुलना गुलाबराव महाराजांची नाही, हातातल्या कामाने सुचवलेली आहे. तेवढे मनात ठेवूनच ती वाचावी. विणलेला मणी दोऱ्यावर घसरू शकत नाही, म्हणजे त्याचे सुटेपण गेले. तरी तो वितळलेला नाही. रंग, कड, भोक सगळे शाबूत आहे. दोराही आता सरळ रेषा राहिलेला नाही. मण्यांनी दिलेल्या वळणांखेरीज त्याला आकार नाही. एकदा मण्यातून जाऊन तो थांबत नाही, शेजाऱ्यासाठी पुन्हा त्याच मण्यात येतो. ओवलेल्या माळेत मण्याचे नाते एकट्या सुताशी. विणकामात सुताशी असलेले नाते शेजारच्या मण्यातून जाते. सोन्याच्या माळेत एकत्व मिळते आणि नाते हरवते, रिद्धपूरच्या माळेत नाते मिळते आणि एकत्व हरवते. पट्टीत थोडे दोन्हीचे सापडते. निदान मधुराद्वैत समजून घ्यायला ज्ञानेश्वरांच्या सोन्यापेक्षा शंकराचार्यांचे वस्त्र जवळचे पडते, एवढे म्हणायला हरकत नाही.

तत्त्वज्ञान सुताकडे पाहते, रूढी मण्याकडे. घराघरांत पावित्र्य काळ्या मण्यांत साठवलेले असते. पोत तुटली असे कोणी म्हणत नाही. ती वाढवली म्हणतात, जशा बांगड्या वाढतात. अशुभ शब्द उच्चारायचा नाही म्हणून भाषेनेच केलेली ही तजवीज. पण त्याच मण्यांवर नवऱ्याच्या मरणाचा भार टाकून विधवेच्या गळ्यातून ते ओरबाडण्याची चालही याच समजुतीतून आली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दाखवून दिले आहे, की जुन्या गृह्यसूत्रांच्या विवाहविधीत मंगळसूत्र बांधण्याचा उल्लेखच नाही. तो नंतरच्या स्मृतींत येतो. ज्याला सनातन म्हणून मिरवले ते असे उत्तरकाळातले निघते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांची पोत काढणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. वऱ्हाडाचे आणखी एक उत्तर त्याहून पुष्कळ जुने आहे. शेंडगावचे गाडगेबाबा एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच घालून फिरत. फुटली म्हणून टाकून दिलेली वस्तूच त्यांनी दागिना केली, त्यावर वेगळे प्रवचन करण्याची गरज नव्हती.

विणायला शिकणाऱ्या मुलीला या गोष्टी कोणी सांगत नाही आणि सांगायची सक्तीही नसावी. हाताला कळते ते वेगळ्या वाटेने कळते. कृती तोंडाने सांगितली तर दहा मिनिटांत पाठ होते. दोरा किती ताणायचा हे मात्र सांगता येत नाही. सैल सोडला तर पट्टी लोंबते, फार ओढला तर ती वाटीसारखी वळते आणि एखादा मणी कट्कन फुटतो. बोटांना ते साधारण तिसऱ्या-चौथ्या पट्टीला उमगते आणि त्यानंतर डोळे मिटूनही फारसे बिघडत नाही. पटव्याचा हात दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता चालतो तो याच कारणाने.

सुताविषयीचा शेवटचा पुरावा जमिनीखालून येतो. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर रुक्मिणीचे माहेर मानले जाते. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातूनच श्रीकृष्णाने तिला नेले अशी इथली श्रद्धा. त्या कौंडिण्यपुरात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ मध्ये निघाला. प्राचीन मणी आणि काच हा दीक्षितांचा खास अभ्यासविषय. असल्या उत्खननांत दगडाचे, काचेचे, भाजक्या मातीचे मणी सुटे सुटे मिळतात. दोरा कधीच कुजून गेलेला असतो. त्यामुळे कोणता मणी कोणाशेजारी होता, माळ एकेरी होती की विणलेली, हे सहसा सांगता येत नाही. दोरा होता एवढे मात्र नक्की ठरते, कारण प्रत्येक मण्याला आरपार भोक असते आणि पुष्कळदा त्या भोकाची कड दोऱ्याने घासून गुळगुळीत झालेली असते.